कुंभार्लीचा चढ आणि गाडीचं दुखणं

कराडहून चिपळूणला जाणारा रस्ता ज्यांनी अजून पाहिला नसेल, त्यांनी तो एकदा तरी दिवसाउजेडी करावा. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम मागे टाकला, की रस्ता कोयनेचा काठ धरतो तो पार हेळवाकपर्यंत. मल्हारपेठ, पाटण अशी गावं येतात आणि जातात. उसाचे फड हळूहळू मागे पडतात आणि दोन्ही अंगांनी डोंगर जवळ येऊ लागतात. पाटणला थांबून चहा घ्यायचा, मुलांना मोकळं करून आणायचं, आणि मग खरा डोंगराळ रस्ता सुरू होतो.

हेळवाकला मोठी गंमत आहे. महाबळेश्वराहून निघालेली कोयना इथपर्यंत सरळ दक्षिणेला येते आणि इथं एकदम पूर्वेला वळून कराडकडे निघते. पश्चिमेला एवढीशी डोंगराची धार ओलांडली असती, तर समुद्र किती जवळ! पण नदीनं लांबचा रस्ता पत्करला. माणसानं मात्र तिचं पाणी अडवलं, बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीला उतरवलं, तिथं त्याच्यावर वीज केली आणि ते पाणी वाशिष्ठीत सोडलं. माझं माहेर चिपळूणचं आणि सासर कराडचं. आमच्या माहेरच्या वाशिष्ठीला सासरच्या कोयनेचं पाणी मिळतं, हे मी सासूबाईंना नेहमी ऐकवते. त्या म्हणतात, "अगं, मग उपकार मान की!"

सासूबाईंचं माहेर पाटणकडचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. कोयनानगरची पाटी दिसली, की त्यांना ती पहाट आठवते. अंगणात गोधड्या पांघरून काढलेल्या रात्री, घरात पाऊल टाकायला घाबरणारी आजी, सगळं त्या सांगतात. मुलं दर खेपेला तीच गोष्ट ऐकतात आणि दर खेपेला तेच प्रश्न विचारतात.

कोयनानगर मागे पडलं, की घाटमाथा. इथं दोन-चार हॉटेलं आहेत, गरम भजी मिळतात, आणि पावसाळ्यात धुकं असं, की पलीकडच्या टेबलावरचा माणूस दिसू नये. घाटमाथ्यावरून कुंभार्लीचा घाट खाली पोफळीला उतरतो. मग शिरगाव, अलोरे, आणि चिपळूण आलंच. कोयनेचं धरण काठोकाठ भरलं म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६५९ मीटरवर असते, आणि चिपळूण तर खाडीच्या काठचं गाव. म्हणजे माहेरी जाताना आम्ही दोन हजार फूट उतरतो आणि सासरी येताना तेवढेच चढतो. (यावर माझ्या भावजयीनं विनोद करायचा तो करून झालेला आहे.)

हे सगळं एवढ्या विस्तारानं सांगायचं कारण म्हणजे हा रस्ता गाडीची परीक्षा घेतो. सपाटीवर जे दुखणं महिनोन्महिने लपून राहतं, ते कुंभार्लीच्या चढावर बाहेर पडतं. आमच्या गाडीचं असंच झालं. ते दुखणं होतं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं. नाव मोठं आहे, पण घाबरू नका, मीही बी.ए.च आहे.

आमची गाडी पेट्रोलवरची, २०१५ सालची. २०१९ मध्ये आम्ही ती जुनी म्हणून घेतली. चालवतात आमचे हे. मात्र पेट्रोलचा हिशोब माझ्या वहीत असतो. दूध, गॅस, किराणा, मुलांची फी यांच्याच रांगेत पेट्रोल. चिपळूणला जाऊन-येऊन साधारण दोनशे किलोमीटर होतात. निघताना टाकी पूर्ण भरायची आणि परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरायची, म्हणजे किती पेट्रोल जळलं ते बरोबर कळतं. २०२३ च्या गौरी-गणपतीला बारा लिटर लागलं. दिवाळीत भाऊबीजेला गेलो तेव्हा तेरा लिटरच्या वर गेलं. संक्रांतीच्या सुमाराला चौदा. आणि २०२४ च्या शिमग्याला सोळा! रस्ता तोच, माणसं तीच, चालवणारा तोच. पेट्रोलचा भाव शंभराच्या वर, म्हणजे चार लिटरला चारशे रुपये नुसते हवेत जात होते.

मी वही यांच्यापुढे ठेवली. हे म्हणाले, "अगं, गाडी जुनी होत चालली. ॲव्हरेज पडायचंच." आता ॲव्हरेज पडायला कारणं पुष्कळ असतात, हे खरं. चाकांत हवा कमी असेल, एअर फिल्टर मातीनं भरला असेल, ए.सी. जास्त लावला असेल. पण हवा पाहिली होती, फिल्टर नवा होता, आणि थंडीत कुणी ए.सी. लावत नाही. म्हणजे आणखी काहीतरी होतं.

दुसरी खूण नाकानं दिली. घाटातल्या वासांची मला लहानपणापासून ओळख आहे. एस.टी.नं घाट उतरताना ब्रेक तापले, की करपल्यासारखा तिखट वास येतो. चढताना एखादी गाडी वळणावर अडली आणि ड्रायव्हरनं क्लच धरून ठेवला, की जळक्या कागदासारखा वास येतो. पण शिमग्याला घाट चढून माथ्यावर थांबलो तेव्हा जो वास आला तो यांतला नव्हता. नासक्या अंड्याचा वास होता. आधी वाटलं हॉटेलच्या मागचा असेल. पुढं पाटणला उतरले तर पुन्हा तोच, आणि गाडीच्या मागच्या बाजूला जास्त.

आमच्या शाळेत मी अर्धवेळ मराठी शिकवते. विज्ञानाच्या बाई माझ्या शेजारी बसतात. त्यांना मी मधल्या सुट्टीत हा वास सांगितला. त्या लगेच म्हणाल्या, "हायड्रोजन सल्फाइड!" आणि डबा खाता खाता मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

इंजिनात पेट्रोल जळतं, पण कधीच पुरतं जळत नाही. धुरात तीन वाईट वायू उरतात: कार्बन मोनॉक्साइड, न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. इंजिनापासून मागच्या सायलेन्सरपर्यंत जी नळी जाते, तिच्यात मध्ये एक पत्र्याचा डबा असतो. डब्यात चिनीमातीची जाळी असते, थेट मधाच्या पोळ्यासारखी, बारीक बारीक भोकांची. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर दिलेला असतो. धूर या भोकांतून जाताना त्यातले विषारी वायू बदलतात आणि बाहेर पडतात ते कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन. धातू स्वतः झिजत नाहीत, नुसतं काम करवून घेतात. दहावीच्या पुस्तकात 'उत्प्रेरक' हा शब्द असतो ना, तोच हा. कॅटॅलिटिक म्हणजे उत्प्रेरकाचा, आणि कन्व्हर्टर म्हणजे बदलणारा. मला तर त्या डब्याबद्दल एकदम आदरच वाटायला लागला. आमच्या घरात प्लॅटिनम कुठं असेल तर ते एवढंच, तेही गाडीच्या पोटाखाली चिखल खात बसलेलं!

आपल्याकडे हा डबा १९९५ च्या एप्रिलपासून आला, आधी चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना. शिसं घातलेल्या पेट्रोलनं या जाळीचा थर निकामी होतो, म्हणून त्याच वेळी बिनशिशाचं पेट्रोल सुरू झालं, आणि २००० च्या फेब्रुवारीपासून शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. वास येतो तो पेट्रोलमधल्या गंधकामुळे. जाळी नीट काम करत असली आणि इंजिन बेताचं पेट्रोल घेत असलं, तर वास येत नाही. इंजिन पेट्रोल जास्त ओढायला लागलं किंवा जाळी बिघडली, की गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतो. २०२० च्या एप्रिलपासून आपल्याकडे जे पेट्रोल मिळतं त्यात दशलक्ष भागांत फार तर दहा भाग गंधक असतं, त्यामुळे हल्ली हा वास पूर्वीसारखा उग्र येत नाही. हलकासा आला तरी दुर्लक्ष करू नये. बाईंनी आणखी एक सांगितलं, की बॅटरी फाजील चार्ज होत असली तरी असाच वास येतो, पण तो पुढं, बॉनेटजवळ येतो. मागून येतो तो या डब्याचा.

एवढं झाल्यावर मी घरी सांगितलं, की गाडी दाखवून आणा. वार्षिक परीक्षा, पेपर तपासणी, यांच्या ऑफिसातलं मार्चअखेर, या सगळ्यात ते राहून गेलं. दरम्यान गाडीच्या काट्यांमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. एका ओळखीच्यानं सांगितलं, की सेन्सरचा दिवा आहे, लागतो नि जातो. तो दोन दिवस गेलाही आणि पुन्हा लागला. या दिव्याबद्दल मला नंतर जे कळलं ते प्रत्येकीनं लक्षात ठेवण्यासारखं आहे. दिवा स्थिर असला तर चार-आठ दिवसांत गाडी दाखवावी. पण तोच दिवा लुकलुकत असला, तर इंजिनात पेट्रोल न जळता तसंच मागे चाललंय आणि जाळी त्या क्षणी भाजून निघतेय, असं समजावं आणि गाडी बाजूला घ्यावी.

मे महिन्यात आम्ही चिपळूणहून निघालो ते आंब्याच्या चार पेट्या, कोकमं, फणस आणि दोन मुलं घेऊन. सासूबाई पुढच्या सीटवर, मी मुलांबरोबर मागे. अलोऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. पोफळी सोडली आणि चढ लागला, तसं यांचं बोलणं बंद झालं. तिसऱ्यावरून दुसरा गिअर, दुसऱ्यावरून पहिला. पाय पार खाली दाबला तरी गाडी पुढं सरेना. मागून एस.टी. हॉर्न देत होती. ती मोठ्या झोकात पुढं निघून गेली, मागोमाग केळ्यांचा टेम्पोही गेला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, माझ्या पायाखाली काय पेटवलंयस? चपलेतून चटका लागतोय." मी हात लावून पाहिलं. खालचा गालिचा तव्यासारखा तापला होता.

इथं एक बारीक गोष्ट सांगते, कारण यांना वाटलं क्लच गेला. क्लच घसरत असला तर इंजिन मोठ्यानं ओरडतं, फेरे दाखवणारा काटा वर जातो, आणि गाडी मात्र तिथंच असते. आमच्या गाडीचा काटाच वर जात नव्हता. इंजिन ओरडायलाही तयार नव्हतं, तोंडात बोळा कोंबल्यासारखं घुसमटत होतं. बरोबरच होतं ते. कुकरच्या शिट्टीत डाळ अडकली म्हणजे वाफ बाहेर पडायला जागा नसते, तसं जाळीची भोकं बुजल्यावर धुराला बाहेर जाता येत नाही. जुना धूरच बाहेर गेला नाही तर नवी हवा आत येणार कशी? सपाटीवर थोड्या धुरात भागतं, म्हणून कळत नाही. चढावर, भरल्या गाडीला, भागत नाही.

यांनी ए.सी. बंद केला, काचा खाली घेतल्या आणि पाय हलका ठेवून, पहिल्या गिअरवर, मध्ये दोनदा थांबत, कसाबसा माथा गाठला. काचा उघड्या ठेवणं फार महत्त्वाचं. नळीला कुठं चीर गेली असली तर धूर आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुलांचं डोकं दुखायला लागलं, ती पेंगायला लागली, तर गाडी लागली म्हणून सोडून न देता आधी त्यांना मोकळ्या हवेत न्यावं.

माथ्यावर हॉटेलासमोर गर्दी होती, म्हणून हे गाडी रस्त्याकडेच्या गवतात घालायला लागले. मे महिन्यातलं गवत, पिवळंधमक, गुडघाभर. चहा पीत उभा असलेला एक ट्रकवाला ओरडला, "ओ पाव्हणं, गवतावर नका लावू! मागं हितंच एक गाडी पेटलीया." आम्ही गाडी खडीवर घेतली. हा डबा चांगला असतानाही चारशे-पाचशे अंश सेल्सियसपर्यंत तापतो, आणि बिघडला म्हणजे त्याहून कितीतरी जास्त. वाळलेलं गवत पेटायला तेवढं पुरे. दुसऱ्या दिवशी मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक कपाटातून काढलं, तर त्यात ही सूचना स्पष्ट छापलेली होती. कासचं पठार असो, सज्जनगडाचा पायथा असो, की आंबोली, आपण सहलीला जातो आणि सावली पाहून गाडी गवतात घालतो. डिसेंबरपासून पाऊस येईपर्यंत हे अगदी टाळावं. मुलगा बाटलीतलं गार पाणी घेऊन निघाला होता, खालचा तापलेला डबा थंड करायला. त्यालाही वेळेवर अडवलं. तापल्या चिनीमातीवर गार पाणी पडलं तर ती तडकते, हे बरण्या सांभाळणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको. रस्त्यावर साचलेल्या खोल पाण्यातून गाडी घातली तरी तोच धोका.

तासभर गाडी निवू दिली. पुढं पाटणपर्यंत उतारच जास्त, आणि तिथून सपाट. कुठंही घाई न करता दिवेलागणीला कराडला पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मीही गेले. मिस्त्री वयस्कर होते, बोलायला बरे. त्यांनी स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. त्याच्यावर जे नंबर उमटले त्यांतला एक पी ०४२० होता. डब्याच्या पुढं एक आणि मागं एक असे दोन सेन्सर असतात. मागचा सेन्सर पुढच्यासारखाच धूर दाखवायला लागला, की डबा काही काम करत नाही असं गाडीचा संगणक समजतो, आणि हा नंबर देतो. पण मिस्त्री म्हणाले, "वहिनी, नंबरावर जाऊन डबा बदलायचा नसतो. सेन्सर खराब असला, नळी फुटलेली असली, तरी हाच नंबर येतो." मग त्यांनी रबरी हातोडीनं डब्यावर हलकेच टकटक केलं. आत खडे भरलेल्या डब्यासारखा खुळखुळ आवाज आला. जाळीचे तुकडे पडले होते. सकाळी गाडी सुरू केल्यावर खालून असा आवाज यायचा, तो सायलेन्सरचा पत्रा सैल झाल्याचा आहे असं आम्ही समजत होतो. मग पुढचा सेन्सर काढून त्या भोकात त्यांनी दाबाचा मीटर लावला आणि यांना गाडी रेस करायला सांगितलं. काटा चढला तो उतरेचना. आता शंका उरली नाही.

कंपनीचा नवा डबा आमच्या गाडीला ३८,००० रुपये. ऐकून मी खाली बसले. तेव्हा गॅरेजमधला एक तरुण मुलगा हळूच म्हणाला, "साहेब, दीड हजारात जाळी काढून देतो. डबा तसाच दिसतोय. गाडी पळंल बघा!"

गाडी पळाली असती, यात शंका नाही. आणि खरं सांगायचं, तर यांचा कल तिकडंच होता. ३८,००० म्हणजे मुलीच्या बारावीच्या क्लासची निम्मी फी. त्या रात्री आमच्याकडे बराच वाद झाला. यांचं म्हणणं, की रस्त्यावर एवढे ट्रक काळा धूर सोडतात, आपल्या एका गाडीनं काय होणार? माझं म्हणणं, की ही गाडी रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी उभी असते, इंजिन चालू, आणि तिच्या मागच्या नळीच्या उंचीवर असतात ती पहिली-दुसरीतल्या मुलांची तोंडं. ट्रकचा काळा धूर निदान दिसतो तरी. हा दिसत नाही. शिवाय पी.यू.सी.ला नळीत सळई घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनच मोजतात. जाळी नसलेली गाडी तिथं खरेपणानं पास होणं कठीण. प्रदूषणाचे नियम मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे. सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "चूल बांधली तर धुराडं बांधायचंच असतं. त्याचे पैसे वाचवून कुणी श्रीमंत झालं नाही." माझ्या पगारातून बाजूला टाकलेले वीस हजार होते, बाकीचे यांनी घातले. बांगड्या पुढच्या वर्षी.

पण मिस्त्रींनी नवा डबा लगेच बसवला नाही, याचं मला फार बरं वाटलं. ते म्हणाले, "डबा असा आपोआप मरत नाही. आजार दुसरीकडंच असतो." आणि तो सापडलाही. गाडी सकाळी थंड असताना खोकल्यासारखे झटके द्यायची. त्याला गॅरेजवाले 'मिसिंग' म्हणतात. चार सिलिंडरपैकी एकाची कॉइल गेली होती. तिथं ठिणगी पडत नव्हती आणि त्या सिलिंडरचं पेट्रोल कच्चंच मागे जाऊन डब्यात जळत होतं. त्या आगीत जाळी वितळली. पावसाळ्यात बॅटरी उतरल्यावर शेजारची मुलं बोलावून गाडीला धक्का स्टार्ट केला होता, त्यानंही हेच होतं: इंजिन सुरू होईपर्यंत कच्चं पेट्रोल डब्यात जातं. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायर जोडून सुरू करणं केव्हाही बरं. कॉइल आणि चारही प्लग मिळून जेमतेम चार हजारांचं काम. ते वेळेवर झालं असतं तर अडतीस हजार वाचले असते, आणि ते न करता नवा डबा बसवला असता तर सहा महिन्यांत तोही गेला असता. इंजिन ऑइल कमी होत असलं, रेडिएटरचं पाणी विनाकारण घटत असलं, तरी ते शेवटी याच जाळीवर जाऊन बसतं. म्हणून गॅरेजमध्ये 'डबा गेला' एवढं ऐकून उठू नये. 'कशानं गेला?' हे विचारावं. चांगला मिस्त्री त्याचं उत्तर देतो.

बाजारात डबा साफ करायची औषधं मिळतात, पेट्रोलच्या टाकीत ओतायची. थोडी काजळी असेल तर कदाचित फरक पडत असेल, पण वितळलेल्या, तुटलेल्या जाळीला त्यांचा काही उपयोग नाही, असं मिस्त्रींनी स्वच्छ सांगितलं. आणि रोज फक्त शाळा-बाजार अशा दीड-दोन किलोमीटरला गाडी वापरणाऱ्यांना त्यांचा सल्ला असा, की आठवड्यातून एकदा तरी तिला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्यावं. ही जाळी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही, आणि छोट्या फेऱ्यांत ती पुरती तापतच नाही.

गौरी-गणपतीला आम्ही पुन्हा चिपळूणला गेलो. परतताना पोफळी ते घाटमाथा गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सहज चढली. ओझर्ड्याचा धबधबा पाहायला नवज्यालाही जाऊन आलो. वहीत पेट्रोल बारा लिटर.

एक राहिलंच. बिल देताना त्या तरुण मुलानं विचारलं, "जुना डबा टाकून देऊ ना, वहिनी?" मी म्हटलं, "नको, पिशवीत घालून द्या." त्या तुटक्या जाळीवरचं प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम काढून घेणारे लोक असतात, म्हणून जुन्या डब्यालाही किंमत येते. याच धातूंसाठी उभ्या गाड्यांखालचे डबे कापून नेणारे चोरही आहेत. नकली डबा मात्र कवडीमोलानं जातो, म्हणून भंगारवाल्याला अस्सल कंपनीचा शिक्का दाखवावा लागतो. मी तो दाखवला, दोन ठिकाणी भाव विचारला, आणि ४,२०० रुपये घेऊन घरी आले. वहीत जमेच्या बाजूला लिहून टाकले.